उचलता येईल एवढा

'तुला कुठला कुत्रा आवडतो?' या प्रश्नाचं माझं उत्तर बरीच वर्षं ठरलेलं होतं. मोठा. जात कुठलीही चालेल, पण उभा राहिला की समोरच्यानं दोन पावलं मागे सरकलं पाहिजे. लहान कुत्र्यांना मी सरळ 'मांजरं' म्हणायचे.

याला कारण कोल्हापुरातली आमची गल्ली. तिथं सगळी चिमुकलीच कुत्री होती. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला आणि त्यातल्या टफीसारखी पांढरीशुभ्र, केसाळ कुत्री घराघरात दिसायला लागली, असं आई सांगते. माझ्या लहानपणीही ती होतीच. खरं तर त्यातली बरीचशी इंडियन स्पिट्झ, पण आपल्याकडे सगळ्यांना 'पामेरियन'च म्हणतात. मी सात वर्षांची असताना, २००३ साली, हचच्या जाहिरातीत त्या मुलाच्या मागे-मागे जाणारा पग आला आणि सगळ्यांना पग हवासा झाला. मला नाही झाला. मला ग्रेट डेन हवा होता. शाळेच्या लायब्ररीतल्या एका पुस्तकात त्याचं चित्र होतं, शेजारी उभ्या माणसाच्या कमरेएवढा. मी ते पान इतक्यांदा उघडलं होतं की पुस्तक तिथंच आपोआप उघडायचं.

बाबांनाही मोठाच आवडायचा. आईला कुठलाच नको होता. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही. आई म्हणाली, "आणायचाच तर लहानसा आणा. उद्या आजारी पडला तर उचलणार कोण?" मी चौदा वर्षांची होते. "मी उचलेन की!" असं मी छातीठोकपणे सांगितलं.

ग्रेट डेनवरून तडजोड होत-होत आम्ही लॅब्रॅडॉरवर आलो. २०१० सालच्या दिवाळीत पिल्लू घरी आलं. सगळ्या भावंडांत ते सगळ्यात लहान, ओंजळीत मावणारं, म्हणून नाव ठेवलं बाळू. वर्षभरात बाळू चौतीस किलोंचा झाला. नाव बदलायला उशीर झाला होता.

पुढं कधीतरी मी वाचलं की कुत्र्यांच्या आकारामागे काही मोजक्या जनुकांचा मोठा हात असतो. त्यातलं आयजीएफ-१ नावाचं एक २००७ साली सापडलं. चिवावापासून ग्रेट डेनपर्यंत सगळी एकच प्रजाती, आणि वजनातला फरक पंचवीस-तीस पटींचा. हे माणसानं हौसेनं घडवलेलं आहे. कुणाला मांडीवर बसणारा हवा होता, कुणाला बिळात शिरणारा, कुणाला रानडुकरावर झेप घेणारा. आपापल्या आवडीप्रमाणे आपण एका प्राण्याला ताणत आणि दाबत गेलो.

त्या आवडीची किंमत मात्र कुत्रा भरतो. पगचा तो चपटा, गोड चेहरा म्हणजे आत कोंबलेलं नाक आणि अरुंद श्वासमार्ग. उन्हात चार पावलं चालला तरी तो घोरल्यासारखा धापा टाकतो. मोठ्यांची गंमत वेगळीच. एरवी मोठे प्राणी जास्त जगतात, उंदरापेक्षा हत्ती. पण कुत्र्यांमध्ये गणित उलटं आहे. चिवावा सहज चौदा-पंधरा वर्षं काढतो, ग्रेट डेन आठ-दहा वर्षांत आटोपतो. आणि लॅब्रॅडॉरच्या मागे लागतं ते खुब्याचं दुखणं.

बाळूचं तेच झालं. २०१९ मध्ये बाबा गेले. तोवर मी नोकरीसाठी पुण्यात आले होते. घरात आई आणि बाळू, दोघंच राहिले. ज्या कुत्र्याला ती कधी 'आपला' म्हणाली नव्हती, त्याला ती रोज पहाटे रंकाळ्यावर फिरायला न्यायला लागली. फोनवर मला स्वतःबद्दल कमी सांगायची, त्याच्याबद्दल जास्त. तो जेवला, तो रुसला, त्यानं दूधवाल्याला आत येऊ दिलं नाही.

अकरा वर्षांचा झाल्यावर बाळूचे मागचे पाय गेले. डॉक्टरांनी युक्ती शिकवली. पोटाखालून टॉवेल घालायचा, दोन्ही टोकं वर धरायची आणि मागचा भाग तोलत त्याला चालवायचं. आमच्या जिन्याला चोपन्न पायऱ्या. दिवसातून तीनदा खाली, तीनदा वर. मी सुट्टीला गेले तेव्हा दोन दिवस मी ते काम केलं आणि तिसऱ्या दिवशी माझी कंबर धरली. मी सव्वीस वर्षांची होते. आई एकसष्ट. तिचे गुडघे मला आठवले, पण माझ्या परतीचं तिकीटही काढलेलं होतं.

घरी येणारा भरलेला गॅस सिलिंडर साधारण तीस किलोंचा असतो. तो वर आणून देणाऱ्या पोराला आई आधी पाणी देते, बसायला सांगते. बाळू त्याहून जड होता.

मार्चमधली गोष्ट. रात्री अकराला मी आईला व्हिडिओ कॉल केला. ती पडून बोलत होती. बोलता बोलता तिनं हात हलवला आणि तिच्या डोक्यामागे मला स्कूटरचं चाक दिसलं.

"आई, तू कुठं आहेस?"

"आहे इथंच."

"इथंच म्हणजे कुठं?"

ती खाली पार्किंगमध्ये होती. गेले एकोणीस दिवस. बाळूला जिना चढवणं जमेना, आणि त्याला एकट्याला खाली सोडणं तिला पटेना. म्हणून तिनं फोल्डिंगची खाट खाली आणून घेतली होती, मच्छरदाणी लावली होती. स्वयंपाकापुरती वर जायची. शेजारच्या काकांनी लाईटची वायर ओढून दिली होती. सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं. मला सोडून.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगून तू काय केलं असतंस? नोकरी सोडून आली असतीस?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. "मी उचलेन की" असं म्हणणारी चौदा वर्षांची मुलगी मला त्या वेळी फार लांबून ऐकू आली. मी दुसऱ्या दिवशी निघाले. बाळू आणखी सहा दिवस होता. तेवढे दिवस मीही पार्किंगमध्ये झोपले, आणि शेवटी एका जाड चादरीत घालून चौघांनी त्याला टेम्पोत ठेवलं. एक टोक मी धरलं होतं. उचलायचं वचन मी एवढंच पाळलं.

वर्षभरानं मी आईला म्हटलं, लहानसा कुत्रा घेऊया. शी त्झू घे, पग घे, काखेत घेऊन जिना उतरता येईल असा. माझी आवड पार बदलली होती, किंवा मला भीती बसली होती. आई म्हणाली, "ज्याला श्वास घेता येत नाही, तो मी हौसेनं आणू?" विषय संपला.

मागच्या पावसाळ्यात मी घरी गेले तर पार्किंगमध्ये, जिथं खाट होती तिथं, एक कुत्रा पोत्यावर बसलेला. लांब निमुळतं तोंड, आत गेलेलं पोट, काठीसारखे पाय. कारवानी रक्ताचा असणार. कर्नाटकातल्या मुधोळवरून ज्यांना मुधोळ हाउंड म्हणतात, तेच हे. आमच्या भागात शेतावर, मेंढरांमागे दिसतात. मुधोळच्या घोरपडे राजांनी ही जात जोपासली, २००५ साली पोस्टाच्या तिकिटावर आली. पण याच्या कानाला जखम होती आणि गळ्यात तुटका पट्टा. पाळून सोडून दिलेला असावा.

तो उठून उभा राहिला. चांगला उंच, बाळूपेक्षाही.

"आई, हा मोठा आहे गं," मी म्हटलं.

"उंच आहे," आई म्हणाली, "मोठा नाही." ती त्याच्यासाठी दूध-भाकरी कुस्करत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "उचलून बघितलाय मी. येतोय."