बंबात गेलेली कॅसेट

1998 सालच्या कांद्यानं दिल्लीचं सरकार घालवलं असं लोक म्हणतात. आमच्या घरात त्याच कांद्यानं व्हिडिओ गेम आणला. त्या साली चाळीत उन्हाळ कांदा शिल्लक होता. निम्मा सडला, पण राहिला त्याला लासलगावला असा भाव लागला की मी पट्टी दोनदा वाचून घेतली. दिवाळीला नाशिकच्या मेनरोडवरनं घरचीला साडी घेतली, आईला लुगडं घेतलं आणि थोरल्याला तो गेम घेतला. बाराशे रुपये मोजले. आई म्हणाली, "एवढ्यात शेळी आली असती रं."

ज्यांनी तो डबा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. टीव्हीला वायर जोडायची, वरच्या खाचेत पिवळी कॅसेट खोचायची, हातातली बटणं दाबायची. मूळ यंत्र 1983 साली जपानच्या निंटेंडो कंपनीनं काढलेलं, नाव फॅमिकॉम. आपल्या बाजारात आली ती त्याची नक्कल. कॅसेटवर छापलेलं असायचं नव्व्याण्णव लाख नव्व्याण्णव हजार गेम, आणि आत निघायचे दहा-पंधरा, तेच फिरून फिरून. कॅसेट चालली नाही की पोरं काढून तिच्यात फुंकायची. गल्लीतली दहा पोरं आमच्या ओट्यावर बसलेली असायची. लाईट गेली की सगळी एका सुरात "आऽऽ" करायची.

आता जे सांगायचं ते लिहायला मला वीस वर्षं लागली.

थोरला दहावीला होता. 2000 सालचा डिसेंबर. मोटारीची लाईट रात्री असायची. उळ्याला पाणी द्यायचं होतं आणि मला ताप भरला होता. मी त्याला म्हणालो, बाळा, आजची रात्र दारं धर. तो गेला, एक वाफा लावला, आणि थंडी वाजते म्हणून घरी आला. घरी टीव्ही होता, आणि दारं धरणारा माणूस टीव्हीसमोर बसला तर पाणी काही त्याची वाट पाहत नाही. पहाटे मी उठून गेलो तर बांध फुटलेला, अर्धं उळं वाहून ओढ्याला लागलेलं. दोन एकराची लागण त्या उळ्यावर होती.

घरी आलो तेव्हा कॅसेट डब्यात तशीच खोचलेली होती. मी ती उपसली आणि पाणी तापवायच्या बंबात टाकली. प्लास्टिकचा वास दिवसभर अंगणात राहिला. पोरगा रडला नाही, बोलला नाही. पुढं त्यानं गेमला हात लावला नाही, डबा माळ्यावर गेला. दहावीला चांगले मार्क पडले. मी गावात म्हणायचो, बघा, एक कॅसेट जाळली आणि पोरगं सुधारलं. लोक माना डोलवायचे.

पुढं तो इलेक्ट्रॉनिक्स शिकला आणि पुण्याला कंपनीत लागला. 2020 च्या मार्चात बंद लागायच्या आदल्या दिवशी सून आणि नातीला घेऊन गावी आला. सामानात एक पत्र्याची पेटी होती, तीत सोल्डरिंगचं सामान, चिपा, आणि लॅपटॉपला जोडायचं एक यंत्र. नातीनं माळ्यावरनं तो जुना डबा शोधून काढला, सोबत दोन जुन्या कॅसेटी. पोरगा म्हणाला, "आप्पा, आपण नवी कॅसेट करू. घरची."

मी दहावीनंतर दीड वर्ष निफाडला एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसलो होतो. कथील आणि राळ हातानं ओळखतो. आजही मोटारीचा स्टार्टर मीच उघडतो. त्यामुळं मी मान डोलवली, पण मनातून बंब काही गेला नाही.

आम्ही पहिली कॅसेट फोडली. आत पट्टीवर काळ्या डांबरासारखा एक गोल ठिपका. पोरगा म्हणाला, चिप त्याच्या खाली आहे, ही बदलता येत नाही. दुसरीत मात्र नीट पायांच्या दोन चिपा निघाल्या. एकीत गेम कसा चालायचा त्याच्या आज्ञा, दुसरीत चित्रं. खाली सोन्यासारखे पिवळे साठ दात, ते खोडरबरानं घासले. फुंकून उपयोग नसतो, उलट तोंडाची वाफ बसून दात गंजतात, हेही तेव्हा कळलं. आज्ञेची चिप 32 केबीची, चित्रांची 8 ची. सगळा मिळून 40 केबी. मोबाईलच्या एका फोटोत असले पन्नास गेम बसतील.

पोरानं आणलेल्या चिपांना मधोमध एक गोल काचेची खिडकी होती, आतला चौकोनी तुकडा दिसायचा. त्यात आधीचं काहीतरी लिहिलेलं. ते पुसायला एक खास निळा दिवा लागतो, तो मागवलेला पण वाटेत अडकलेला. पोरगा म्हणाला, कडक उन्हानंही पुसतं, आठवडाभर लागतो. घरचीची वाळवणं चालू होती. गच्चीवर एका धोतरावर पापड, एकावर कुरडया, आणि कोपऱ्यात ताटलीत चार चिपा खिडक्या वर करून. नात कावळे हाकायला बसायची. तिची आजी शेजारणीला सांगायची, "या चिपा तळायच्या नाहीत गं."

नवव्या दिवशी त्या कोऱ्या निघाल्या. कोरी चिप म्हणजे आत सगळे एक. लिहायचं म्हणजे पाहिजे तिथं एकाचा शून्य करायचा. शून्याचा परत एक मात्र लिहून होत नाही, त्याला पुन्हा उन्हातच न्यावं लागतं.

गेम पोरानं स्वतः रात्री बसून लिहिलेला. चित्रं कशी करायची तेव्हा त्यानं वहीवर आठ बाय आठचे चौकोन आखले. एका चित्राला तीनच रंग, चौथा म्हणजे मोकळी जागा. सुनेला जमेना, मला जमेना. घरची कांदे चिरता चिरता आली आणि म्हणाली, "ही तर ठिपक्यांची रांगोळी." असे चार चौकोन जुळवून तिनं अर्ध्या तासात बैल काढला, वशिंडासकट.

मग पोरानं चिप यंत्रात बसवली आणि म्हणाला, "आप्पा, आता बर्न करतो." मी विचारलं, म्हंजे काय? "म्हंजे जाळायची. चिप लिहिण्याला बर्न करणं म्हणतात." तो बोलून गेला आणि दोघंही गप्प झालो. लॅपटॉपवर आकडे सरकत होते.

मी म्हणालो, "त्या दिवशी मी जाळायला नको होती."

तो पडद्याकडंच बघत म्हणाला, "ती माझी नव्हती, आप्पा."

ती कॅसेट त्यानं वर्गातल्या एका मित्राकडनं दोन दिवसांसाठी आणलेली. मित्रानं ती मामाकडनं आणलेली. किंमत दोनशे रुपये सांगितली गेली. दहावीची परीक्षा झाल्यावर पोरानं शेजारच्या गावात कांदे काढायला जाऊन ते फेडले. आम्हाला सांगितलं अभ्यासाला जातो. आमच्या वावरात त्याच वेळी कांदे निघत होते, आणि मी माणसं मिळत नाहीत म्हणून ओरडत होतो.

मी किती दिवस गेला होतास ते विचारलं नाही. त्या सालची रोजंदारी मला ठाऊक आहे, हिशेब मनात झाला.

दुसऱ्या दिवशी सोल्डर मीच मारला. जुन्या चिपा पंपानं कथील ओढून सोडवल्या. नव्यांचे पाय कागदावर ताडून पाहिले. जुळत नव्हते तिथं केसासारखी वायर टाकली. कॅसेट खोचली, बटण दाबलं. टीव्हीवर नुसता राखाडी पडदा. नात म्हणाली, फुंकू का? पोरगा लॅपटॉप उघडून बसला, त्याला वाटलं लिहिण्यात चूक आहे. मी भिंग घेतलं. एका पायाशी कथील बसलं होतं पण धरलं नव्हतं, वरनं चकाकत नव्हतं. मीटर लावला तर आवाज नाही. राळ लावून पुन्हा टेकवलं. या वेळी पडद्यावर बैल उभा राहिला. चिपांच्या खिडक्यांवर मी मोटारीची काळी टेप चिकटवली, नाहीतर वर्षानुवर्षांच्या उजेडानं लिहिलेलं पुसायला लागतं.

गेम असा आहे. वाफे आहेत, पाट आहे. लाईट जायच्या आत एकेका वाफ्याचं दारं मोडायचं आणि भरला की बांधायचं. मध्ये बैल आडवा येतो. उशीर केला तर बांध फुटतो आणि उळं वाहून जातं. पोरानं पहिला डाव माझ्या हातात दिला. तिसऱ्या वाफ्यालाच माझं पाणी ओढ्याला गेलं. पोरगा हसला, बऱ्याच वर्षांनी माझ्यासमोर असा हसला.

उरलेल्या दोन चिपांची मी आणखी एक कॅसेट केली. पहिल्या फोडलेल्या कॅसेटीचं डांबर कोरून काढलं आणि एकेक तार हातानं ओढली. पाच दिवस गेले. कोरोना जरा ओसरल्यावर ती घेऊन पोराच्या त्या मित्राकडं गेलो. त्याची आता पिठाची गिरणी आहे. त्याच्याकडं तो डबाही नाही आणि तसला टीव्हीही नाही. मी म्हणालो, तुझी एक कॅसेट माझ्याकडं राहिली होती. तो म्हणाला, "नाना, ती तर तुमच्या पोरानं तेव्हाच फेडली की."

"त्यानं फेडली," मी म्हणालो. "मी नव्हती फेडली."

त्यानं पीठ लागलेले हात पुसले आणि कॅसेट घेतली. गिरणीत गणपतीच्या फोटोखाली फळीवर ती ठेवलेली आहे. दळण घेऊन गेलो की दिसते.