वर्ध्याच्या वाटेवरील बोलका खांब

वर्धा जिल्ह्याचें नांव निघालें म्हणजे वाचकांच्या मनापुढें सेवाग्राम, पवनार आणि कापसाच्या गाड्या हींच चित्रें उभीं राहतात, आणि तीं खरींहि आहेत. प्रवासवर्णनें लिहिणारे बहुधा त्यांच्यापाशींच थांबतात. आम्हांस मात्र या खेपेस त्या वाटेवर एक निराळेंच प्रकरण अनुभवावयास मिळालें, आणि तें डोळ्यांपेक्षां कानांचें होतें. यंत्राच्या तोंडून निघालेला शब्द माणसाच्या कानापर्यंत धड पोंचतो कीं नाहीं, न पोंचल्यास त्याची किंमत कोणास मोजावी लागते, आणि तो पोंचावा म्हणून काय करावें लागतें, एवढाच या लेखाचा विषय आहे. पस्तीस वर्षें वर्गांत मुलांचे उच्चार सुधारण्यांत घालविलेल्या माणसास हा विषय क्षुल्लक वाटत नाहीं.

नागपुराहून वर्धा सुमारें पाऊणशें किलोमीटर. गाडी पुतण्याची, चालविणारा तोच. मागें आमचे थोरले बंधु, ज्यांस घरांत सगळीं भाऊ म्हणतात, आणि आमची सौभाग्यवती. भाऊंचें वय अठ्याहत्तर, मधुमेह वीस वर्षांचा, आणि आतां त्याच मधुमेहानें डोळ्यांवर पडदा धरल्यामुळें ते सेवाग्रामच्या रुग्णालयांत दाखविण्यास निघालेले. नागपूरची वस्ती विरळ होते तेथें एक नव्या पद्धतीचें उपाहारगृह लागलें. त्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. येथें गाडींतून उतरावें लागत नाहीं. वाटेच्या कडेला पुरुषभर उंचीचा एक खांब असतो, त्यास जाळी बसविलेली. जाळीकडे तोंड करून काय हवें तें सांगावयाचें, आंतून कोणी अदृश्य व्यक्ति उत्तर देते, मग गाडी पुढें नेऊन एका खिडकीशीं पैसे द्यावयाचे आणि पुडकें घ्यावयाचें. यास ‘ड्राइव्ह-थ्रू’ म्हणतात. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतीं बाल्डविन पार्क या गांवीं 1948 सालीं हॅरी स्नायडर यांनीं आपल्या उपाहारगृहाबाहेर असा दोन्हीकडून बोलणारा ध्वनिक्षेपक बसविला, तेव्हांपासून ही रीति तिकडे रुळली. त्यापूर्वीं नोकर तबक घेऊन गाडीपाशीं येत असत. सौभाग्यवतीनें सर्व ऐकून घेऊन एवढेंच विचारलें, “म्हणजे वाढणाऱ्याचें तोंडहि पाहावयाचें नाहीं?”

पुतण्यानें कांच खालीं करून सांगितलें, “दोन चहा, आणि कॉफी एक, बिनसाखरेची.” खांबानें कांहीं घरघर केली. ती होकारार्थी असावी असें समजून आम्ही पुढें सरलों. खिडकींतून कॉफीचा कागदी पेला आला. भाऊंनीं पहिला घोट घेतला आणि पेला तत्काळ पुतण्याच्या हातीं दिला. “अरे, हा तर पाक आहे!” चौकशी करतां कळलें कीं आंतल्या मुलीनें ‘तीन साखरेची’ असें ऐकून तीन पुड्या साखर मोठ्या इमानानें त्यांत ढवळली होती. बिचारीनें क्षमा मागून लागलीच दुसरी कॉफी दिली. तिला दोष देणें अन्यायाचें होईल. तिच्या कानांत जें आलें तेंच तिनें केलें.

संस्कृतांत ‘व्यंजन’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत हें वाचकांस ठाऊक आहेच. एक वर्णमालेंतील, दुसरा पानांतील. येथें पहिलें व्यंजन हरवल्यामुळें दुसरें बिघडलें. ‘बिन’ आणि ‘तीन’ यांत इकाराच्या लांबीचा थोडका फरक सोडला तर आरंभींचा एक वर्णच काय तो वेगळा. जुन्या वैयाकरणांनीं स्वरास राजाचा मान दिला आणि व्यंजनास त्याच्या मागून चालणाऱ्याचा. परंतु अर्थाची पेटी या मागून चालणाऱ्याच्याच डोक्यावर असते. आणि हा सेवक फार नाजूक. स्वरांचें बळ बहुतांशीं खालच्या, संथ कंपनांत असतें. तें दूरवर पोंचतें, गोंगाटांतहि टिकतें. त, क, प यांसारखे वर्ण एकमेकांपासून निराळे ओळखूं येतात ते मुख्यतः सेकंदास दोन हजार आणि त्यावरील कंपनांमुळें. ‘स’चा सीत्कार तर चार हजारांच्याहि वर असतो. जुन्या टेलिफोनाची तार तीनशेंपासून चौतीसशें कंपनांपर्यंतचाच आवाज नेई, म्हणून त्यावर आपलें आडनांव सांगतांना प्रत्येकास एक एक अक्षर फोडून सांगावें लागे.

आतां गंमत अशी कीं, आवाजाचे जे जे चोर आहेत ते सगळे याच वरच्या मजल्यावर चोरी करतात. जाळीवर धूळ बसली कीं वरचीं कंपनें प्रथम अडतात. माइकावरचा स्पंज पावसानें भिजला तरी तेंच. आणि म्हातारपणीं माणसाचा कानहि वरच्याच बाजूनें जाऊं लागतो. घरांतील वृद्ध मंडळी “ऐकूं येतें, पण समजत नाहीं” असें म्हणतात तेव्हां तरुणांस तो हट्ट वाटतो. तो हट्ट नव्हे, ती अगदीं शास्त्रशुद्ध तक्रार आहे. स्वर पोंचतात, व्यंजनें पोंचत नाहींत. अशा वेळीं मोठ्यानें ओरडून किंवा यंत्राचा आवाज वाढवून कांहींहि साधत नाहीं. उलट कर्णा फाटक्या आवाजानें बोलूं लागतो, आणि उरलींसुरलीं व्यंजनेंहि जातात.

आम्ही तेथें चहा संपवीत थांबलों असतां त्या खांबाची देखभाल करणारा तरुण आला. मूळचा आर्वीकडचा, तंत्रशाळेंत शिकलेला. आमच्या तक्रारीची वार्ता त्याच्यापर्यंत पोंचली असावी. त्यानें स्क्रू काढून जाळी उतरविली आणि आंत जें दाखविलें तें पाहून आम्ही थक्क झालों. कुंभारमाशीनें मातीचें सुबक घर बांधलेलें, त्याच्या भोंवतीं धूळ आणि कापसाचे तंतु यांचा लगदा. वैशाखांतील आमच्या वऱ्हाडी वाऱ्याची कल्पना ज्यांस आहे त्यांस याचें नवल वाटणार नाहीं. तो म्हणाला, “मशीन काही बिघडत नाही जी, गुरुजी. तिचं तोंड बुजते. लोक आवाज वाढवा म्हणतात. मी म्हणतो, आधी तोंड धुवा.”

तोंड धुण्याची त्याची रीत आम्हीं नीट पाहून घेतली. कोरड्या मऊ कुंचल्यानें जाळी झाडावयाची; ओलें फडकें कधींहि लावावयाचें नाहीं, कारण ओल्या धुळीचा चिखल होऊन छिद्रें कायमचीं बुजतात. माइकावरचा स्पंज वेगळा काढून पाहावयाचा. उन्हानें त्याचा भुगा होऊं लागला असेल तर धुण्यांत अर्थ नाहीं, नवाच घालावा. खांबाच्या तळाशीं पाणी निघून जाण्यास भोंक असतें, तें मोकळें आहे ना, हें मृगाच्या पहिल्या पावसाआधीं तपासावें. तारांच्या जोडांवर हिरवट गंज चढला कीं खरखर सुरू होते. एकसारखा गुंजारव येऊं लागला तर जमिनीशीं जोडलेली तार संशयित धरावी. आंतील माणसें डोक्यास जो श्रवणसंच बांधतात त्याच्या बॅटऱ्या रोज रात्रीं भारित कराव्यात, आणि त्याचा तोंडापुढचा माइक ओठाच्या अगदीं समोर न ठेवतां किंचित् बाजूस ठेवावा, म्हणजे प, फ, भ यांचे फुत्कार त्यावर आदळत नाहींत. ही शेवटची गोष्ट ऐकून आम्हांस पाणिनीय शिक्षेंतील स्थान आणि प्रयत्न आठवले. ओष्ठ्य वर्णांचा वारा या मुलानें पुस्तकावांचून ओळखला होता.

एक गोष्ट मात्र आम्हांस खटकली, आणि ती आम्हीं त्यास सांगितली. साफसफाई झाल्यावर तो बाहेरून “हॅलो, वन, टू, थ्री” एवढेंच म्हणे आणि आंतून “ओके” आलें कीं काम संपलें. सर्वांस पाठ असलेले शब्द म्हणून परीक्षा होत नाहीं. विद्यार्थ्यास ठाऊक असलेलाच प्रश्न विचारण्यासारखें तें आहे. आम्हीं त्यास एका कागदावर जोड्या लिहून दिल्या: बिन–तीन, सात–आठ, पाव–डाव, खारी–भारी, कढी–वडी. बाहेरच्यानें प्रत्येक जोडींतील कोणताहि एक शब्द एकदांच बोलावा, आंतल्यानें जें ऐकलें तें लिहावें, मग कागद ताडून पाहावेत. ध्वनिशास्त्रज्ञहि यमकाच्या शब्दांच्या अशाच याद्या वापरतात. जाळी बसविल्यावर लगेच प्रयोग झाला. दहा शब्दांत नऊ बरोबर आले. ‘वडी’ची तेवढी ‘कढी’ झाली. त्या तरुणानें कागद घडी करून खिशांत ठेवला. आम्हांस निवृत्तीनंतर एवढी तत्पर विद्यार्थिदशा पाहावयास मिळाली नव्हती.

पुढची वाट ओळखीची. केळझर आलें. भीमानें बकासुरास मारिलें ती एकचक्रानगरी हीच, अशी तेथील परंपरा आहे. गाडाभर अन्न बकाकडे जाई, आतां माणूसच गाडींत बसून अन्नाकडे जातो, असें भाऊ म्हणाले, आणि कॉफीवरचा त्यांचा राग तेथेंच संपला. सेलू मागें पडलें, पवनारास धाम नदी ओलांडली.

सेवाग्रामीं गेल्यावर हा शब्दांचा प्रश्न आम्हांस पुन्हां भेटला, आणि तोहि थेट गांवाच्या नांवांत. गांधीजी 1936 सालीं या गांवीं राहावयास आले तेव्हां याचें नांव सेगांव होतें. रेल्वेच्या त्याच मार्गावर बुलढाणा जिल्ह्यांत शेगांव. एका शकाराच्या अंतरामुळें पत्रें भलतीकडे जाऊं लागलीं, म्हणून 1940 सालीं गांवाचें नांव सेवाग्राम ठेवण्यांत आलें. त्वष्ट्यानें ‘इन्द्रशत्रु’ या शब्दाचा आघात चुकविला आणि मुलाचा घात झाला ही कथा आम्ही वर्गांत दरवर्षीं सांगत असूं. पण एका वर्णाच्या घोटाळ्यानें अख्ख्या गांवाचें बारसें पुन्हां करावें लागलें, हें उदाहरण अधिक जवळचें आहे. आश्रमांत बापूंच्या कचेरीच्या जागीं टेलिफोन ठेवलेला आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांस गांधीजींशीं बोलणें सुलभ व्हावें म्हणून तो बसविण्यांत आला होता असें सांगतात. कुडाच्या आणि मातीच्या भिंतींत तें काळें यंत्र पाहून मौज वाटते. ज्याच्या एका वाक्याकडे सगळा देश कान लावून होता, तो माणूस सोमवारीं मौन पाळी आणि कागदाच्या कपट्यांवर लिहून उत्तरें देई. त्या दिवशीं तरी ऐकण्यांत चूक होण्याचा संभव नसे.

भाऊंचे डोळे तपासून होईपर्यंत आम्ही रुग्णालयाच्या ओसरींत बसलों होतों. या रुग्णालयास जोडून 1969 सालीं खेड्यांसाठीं वैद्यकीय महाविद्यालय निघालें, आणि दूरदूरच्या गांवांहून माणसें येथें येतात. त्यांचे ते गांठोडीं घेतलेले थवे पाहून आम्हांस दोन वर्षांपूर्वींचा एक प्रसंग आठवला. एका मोठ्या जंक्शनावर, ज्याचें नांव आम्ही घेत नाहीं, एक वृद्ध जोडपें आमच्याशेजारीं बांकावर बसलें होतें. बाईंच्या डोळ्याचें शस्त्रकर्म येथेंच दुसऱ्या दिवशीं ठरलें होतें. तपासणीचे कागद पिशवींत छातीशीं धरलेले. गाडीचा फलाट ऐन वेळीं बदलला आणि कर्ण्यांतून घोषणा झाली. आजोबांनीं ‘सात’ ऐकलें. म्हटलें होतें ‘आठ’. दोन्ही शब्दांत आकार तेवढा ठळक, बाकीचें सर्व छताखालीं घुमून गेलें. आम्हांसहि नीट कळलें नव्हतें. इंग्रजी घोषणेंतील ‘एट’मुळें आम्हीं तर्क केला आणि त्यांस सांगावयास वळलों तों तीं दोघें पुलाच्या दुसऱ्या टोंकाशीं पोंचलीं होतीं. गाडी सुटली. पुढची गाडी रात्रीं उशिरा. आजी रडल्या नाहींत, पिशवीची गांठ तेवढी पुन्हां पुन्हां घट्ट करीत राहिल्या. शस्त्रकर्माचा दिवस त्यांस पुन्हां कधीं मिळाला, हें आम्हांस कळण्याचा मार्ग नव्हता.

फलाटावरील हा घोटाळा बराचसा अंकगणिताचा आहे. ध्वनि एका सेकंदांत सुमारें तीनशें चाळीस मीटर जातो. लांब फलाटावर दोनचारच मोठे कर्णे लावले तर जवळच्याचा शब्द आधीं आणि दूरच्याचा मागाहून येतो, आणि मागाहून आलेला ‘सा’ पुढच्या ‘त’वर बसतो. म्हणून थोडे मोठे कर्णे लावण्यापेक्षां पुष्कळ लहान कर्णे, जवळजवळ आणि खालच्या उंचीवर, हळू आवाजांत लावणें चांगलें. घोषणा तीन भाषांत होते याचा आम्ही पूर्वीं कंटाळा करीत असूं. आतां करीत नाहीं. मराठींतील सात-आठ आणि हिंदींतील सात-आठ कानास सारखेच. इंग्रजी आंकडे मात्र एकमेकांपासून दूर आहेत. विमानचालक तर आकाशवाणीवर बोलतांना नाइन न म्हणतां ‘नाइनर’ म्हणतात, म्हणजे त्याचा फाइव्ह होत नाहीं. आमच्या घनपाठ्यांनीं एकच पद उलटसुलट इतक्या वेळां कां म्हटलें असेल, याचें रहस्यहि कदाचित् येथेंच असावें.

भाऊंच्या डोळ्यांस औषध घालून पुढची तारीख मिळाली. पुतण्यास वर्ध्यांत काम असल्यामुळें आम्ही दोघें रेल्वेनें परतण्याचें ठरलें. येथें नवख्या वाचकांस एक सूचना करणें अवश्य आहे. वर्धा आणि सेवाग्राम हीं दोन निराळीं स्थानकें आहेत, एकमेकांपासून थोड्याच अंतरावर; सेवाग्राम स्थानकाचें जुनें नांव वर्धा ईस्ट. नागपुराहून हिंगणघाट-चंद्रपुराकडे जाणाऱ्या गाड्या वर्धा स्थानकास न शिवतां सेवाग्रामावरूनच वळतात. शिवाय नागपूर-मुंबई अशी सेवाग्राम एक्स्प्रेस आहे ती वेगळी. सिंदीचेंहि तसेंच, रेल्वेची सिंदी एक आणि वर्ध्याला चिकटलेली सिंदी मेघे दुसरी.

रुग्णालयाच्या दारीं आम्हीं एका ऑटोवाल्यास “सेवाग्राम” म्हणून सांगितलें. तो कांहीं केल्या गाडी सुरू करीना. मान वळवून, आमच्या तोंडाकडे पाहत, त्यानें एक एक शब्द सुटा करून विचारलें, “स्टेशन, आश्रम, की गाव जी?” “स्टेशन,” आम्हीं सांगितलें. “सेवाग्रामचंच ना? वर्ध्याचं नाही?” “सेवाग्रामचेंच.” मग त्यानें किल्ली फिरविली.