गिटारची गवसणी

मागच्या जुलैतला एक शनिवार. संध्याकाळी चर्चमध्ये गायनमंडळाची प्रॅक्टिस होती, म्हणून मी केस उघडली आणि आधी नाकाला कळलं. पावसात धड न वाळलेल्या टॉवेलला येतो ना, अगदी तसला वास. गिटार बाहेर काढली. पाठीवर पांढरट बुरशी, तारांवर गंजाचे ठिपके. आणि ब्रिज एका बाजूने उचललेला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : तारांची खालची टोकं जिथे अडकतात ती लाकडी पट्टी म्हणजे ब्रिज. बहुतेक गिटारींत ती पुढच्या पातळ फळीवर नुसत्या गोंदाने चिकटवलेली असते आणि स्टीलच्या सहा तारा मिळून तिला सत्तरेक किलोच्या जोराने ओढत असतात. मी खिशातलं व्हिजिटिंग कार्ड काढून फटीत सरकवलं. अर्धा सेंटिमीटर आरामात आत गेलं.

गिटार माझी असती तर दोन शिव्या घालून गप्प बसलो असतो. पण ती पप्पांची. १९८९ साली पहिल्या बोनसातून त्यांनी मुंबईला धोबी तलावला जाऊन घेतलेली. आमच्या गासमधल्या किती लग्नांत, किती नाताळांत ती वाजली असेल याचा हिशेब नाही. चार वर्षांपूर्वी त्यांच्या बोटांचे सांधे धरले, कॉर्ड पकडता येईना, तेव्हा एक दिवस ते म्हणाले, "आता तू सांभाळ." बस्स, एवढंच. आमच्या घरात एवढं बोलणं म्हणजे भाषणच झालं.

आणि मी सांभाळली हो! तीच तर गंमत आहे. पप्पांनी तीस वर्षं ती भिंतीवरच्या खिळ्याला लटकवून ठेवली, काही झालं नाही. मी इंजिनियर माणूस, रीतसर अभ्यास केला. टणक केस आणली. परदेशी व्हिडिओंत सगळे सांगत होते की लाकूड कोरडं पडलं की तडकतं, म्हणून साउंडहोलमध्ये बसवायचा ओल्या स्पंजचा ह्युमिडिफायर आणला. केस माझ्या बेडरूममध्ये, जिथे रात्री एसी बावीसवर. आणि हे सगळं कधी? वसईच्या जुलैत, जेव्हा बिस्किटाचा पुडा सकाळी फोडला तर संध्याकाळी चघळावा लागतो.

पप्पांनी स्पंज हातात घेतला, पिळला. पाणी निघालं.

"हे काय?"

"लाकूड सुकू नये म्हणून."

"तू हिला पावसाळ्यात पाणी पाजलंस?"

पुढे काही बोलले नाहीत. रात्री जेवतानाही नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

चूक नेमकी कुठे झाली ते शोधल्याशिवाय मला झोप येत नाही (हापिसात यालाच रूट कॉज ॲनालिसिस म्हणतात आणि त्याचे पगार देतात). तर मंडळी, निष्कर्ष असे.

लाकूड हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं. पाणी घेतलं की फुगतं, पण रेषांच्या दिशेने जवळजवळ नाही, रेषांना आडवं फुगतं. गिटारची पुढची फळी जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची आणि आतून पट्ट्यांनी बांधलेली. तिला आडवं पसरायला जागा नाही, म्हणून ती पोटासारखी वर येते. मग तारा फ्रेटपासून उंच होतात, बोटं दुखतात, आवाज बोदा होतो आणि ब्रिजखालच्या गोंदावर ताण येतो. उलट फार कोरड्या हवेत फळी आत बसते, फ्रेटची टोकं कडेला टोचायला लागतात आणि शेवटी चीर पडते. बनवणाऱ्या कंपन्या सर्वसाधारणपणे ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता सांगतात, ती यासाठी.

आता गोची अशी की, यावरचे बहुतेक सल्ले थंड देशांतून येतात. तिथे हिवाळ्यात घरं गरम करतात आणि घरातली हवा वाळवंटासारखी कोरडी होते. त्यांना पाणी हवं. आमच्या घरामागे बावखल, पलीकडे मिठागरं, समुद्र फार लांब नाही. पावसाळ्यात घरातला आकडा ऐंशीच्या खाली उतरला तर सण साजरा करावा. म्हणजे मी दुसऱ्याच्या आजाराचं औषध आणून पाजलं.

दुसरी चूक एसीची. एसी हवा कोरडी करतो, मग वाईट काय? वाईट हे की सकाळी मी तो बंद करायचो आणि खिडक्या उघडायचो. एकोणतीस अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू सव्वीसच्या आसपास येतो. म्हणजे सव्वीसपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर त्या हवेतलं पाणी दव होऊन बसणार. एसी ऑफिसातून रस्त्यावर आलात की चष्म्यावर वाफ धरते, तेच. बावीस अंशांची गिटार मी केसमधून काढून थेट हॉलमध्ये न्यायचो. चष्मा निदान पुसता तरी येतो, गिटारच्या पोटात कोण पुसणार? आणि एसीवर भरवसा तरी किती ठेवायचा? २०१८ च्या जुलैत वसई-विरारभर पाणी तुंबलं, रुळांवर पाणी येऊन लोकल बंद पडल्या, तेव्हा आमच्याकडे वीज किती वेळ नव्हती ते आठवतंय.

मग पप्पांची भिंत का चालली? आमचं जुनं घर कौलारू, भिंती जाड. गिटार टांगलेली मधल्या भिंतीला, जिच्या पलीकडे स्वयंपाकघर. बाहेरच्या भिंतीची ओल तिथवर येत नव्हती, चुलीची ऊब मात्र येत होती, आणि हवा खेळती. वर मम्मीने जुन्या गोधडीची शिवलेली गवसणी. तंबोऱ्याला घालतात तशी. ती ओलावा अडवत नाही, पण बदलाचा वेग कमी करते. लाकडाला एकवेळ जास्त आकडा चालतो, रोजची उडी चालत नाही. त्यात ती रोज वाजायची, म्हणजे रोज पुसलीही जायची. पप्पांना यातलं काहीच ठरवून करावं लागलं नव्हतं, आणि मी नव्या सिमेंटच्या घरात एक-एक गोष्ट ठरवून काढून टाकली होती. पखवाज-तबलावाले पावसाळ्यात हातोडी घेऊन का बसतात, हे लहानपणापासून बघत होतो. गिटार तेवढी वेगळी असेल असं का वाटलं कोण जाणे.

ब्रिज वसईतल्या एका कारागिराने बसवून दिला. त्याने गिटार आधी दोन आठवडे नुसती कोरड्या खोलीत ठेवली. म्हणाला, ओल्या लाकडावर चिकटवून उपयोग नाही, सुकल्यावर पुन्हा सुटेल. ब्रिजच्या कडेला पॉलिशवर केसाएवढी रेघ राहिली आहे. ती राहणारच.

आता मी काय करतो ते सांगतो, कुणाला उपयोग झाला तर.

आधी हायग्रोमीटर घ्या, आणि त्याच्यावर विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन दोन-चार थेंब पाण्याने ओलसर करा (चिखल हवा, रस्सा नको), ते आणि मीटर झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. आत बरोबर ७५ टक्के आर्द्रता होते. हा मिठाचा गुणधर्म आहे. माझा मीटर ८१ दाखवत होता. मिठागरांच्या गावात राहून हे मला तिशीच्या तोंडावर कळलं.

मग सिलिका जेल. तांदळाची पुरचुंडी मी करून पाहिली, मीटर जेमतेम हलला. कारण साधं आहे. तीस अंशांच्या दमट हवेत शंभर लिटरमागे पाणी असतं अडीचेक ग्रॅम, म्हणजे अर्धा चमचा. पण दीड किलो लाकूड ५० टक्क्यांवरून ८५ टक्क्यांच्या हवेत मुरलं तर शंभर ग्रॅमच्या वर पाणी पिऊ शकतं. हवा नाही, लाकूड वाळवायचं असतं. बॅगा तोलायच्या काट्यावर मी गिटार मेमध्ये आणि ऑगस्टमध्ये तोलली, फरक सत्तर ग्रॅम. म्हणून अर्धा किलो जेल, कापडी पिशव्यांत, बंद केसमध्ये. नारंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास, की परत नारंगी. (निळे दाणे शक्यतो नको, त्यात कोबाल्ट असतं.) आकडा ५० च्या खाली जायला लागला की एक पिशवी काढून घ्यायची.

एसीच्या खोलीतून काढली तर केस बंदच ठेवून अर्धा-पाऊण तास थांबायचं. बाहेरच्या भिंतीला टांगायची नाही. मेमध्ये उन्हात उभ्या गाडीत तर अजिबात नाही, तिथल्या तापमानाला गोंद मऊ पडायला लागतो. आणि डिसेंबर-जानेवारीत कोरडा वारा सुटला की हायग्रोमीटर बघायचा. तेव्हा कधी आकडा चाळिशीखाली गेलाच, तर तो स्पंज कामाला येतो. नागपूरच्या मित्राला उन्हाळाभर तोच लागतो. वस्तू वाईट नव्हती, महिना चुकला होता.

मम्मीने नव्या गोधडीची गवसणी शिवून दिली आहे, प्रॅक्टिसला नेताना घालायला. आकाशाला घालायची ती गवसणी मोठ्या माणसांनी घालावी, आपल्याला गिटारपुरती पुरे.

या शनिवारी निघताना पप्पांनी हात पुढे केला. मी गिटार दिली. त्यांनी साउंडहोलला नाक लावून वास घेतला, ब्रिजवरून अंगठा फिरवला, रेघेपाशी थांबले. मी घाईघाईने मीटर दाखवला, "५२ आहे."

"बरं," म्हणाले. मग खुर्चीत बसून त्यांनी मोकळ्या तारा एकदा छेडल्या, कॉर्ड न धरता, आणि पाचवीची खुंटी जराशी पिळली. मला ती सुरात वाटत होती. नव्हती.

असो. ओव्हनमध्ये जेल आहे आणि मम्मीला केक लावायचाय, तिच्या हाका सुरू झाल्यात. पळतो.