दोन दारांची मोटार

“काऊन हो सर, दोनच दारं? पैसे सरले व्हते काय?”

आमच्या अंगणात उभी असलेली मोटार प्रथम पाहिली तेव्हा आमच्या गवळ्याने हा प्रश्न केला. मोटार आमच्याकडे नवी आलेली असली तरी वयाने नवी नव्हती. १९९१ साली जर्मनीत तयार झालेली ती मर्सिडीज कंपनीची ‘३०० सीई’ जातीची गाडी होती. गवळ्याचे बोलणे आम्ही प्रथम थट्टेवारी नेले. पण विचार करता करता असे दिसू लागले की त्याने एका गहन कोड्यासच हात घातला आहे. चार दारांच्या मोटारीतून दोन दारे वजा केली तर किंमत कमी व्हावी. येथे ती वाढते. म्हशीचे दूध निम्मे करून दर दुप्पट करण्याची ही विद्या आपणांस कोणी शिकविली नाही, याची हळहळ त्या सद्गृहस्थाच्या मुद्रेवर स्पष्ट उमटली होती.

या जातीच्या मोटारीस ‘कूपे’ म्हणतात. शब्द फ्रेंच आहे व त्याचा अर्थ ‘कापलेला’. घोड्यांच्या बग्ग्यांच्या काळी समोरासमोरच्या दोन बाकांपैकी पुढचे बाक काढून टाकले की जी आखूड बग्गी उरे ती कूपे. आमच्या पिढीस हा शब्द रेल्वेने शिकविला. पहिल्या वर्गाच्या डब्यातील दोनच शय्यांची ती खोली, जिच्यात नवपरिणीत दांपत्ये आणि मोठे अंमलदार प्रवास करीत आणि जिच्या बंद दाराकडे आम्ही फलाटावरून आदराने पाहत असू, ती कूपे! मोटारीच्या बाबतीतही कापण्याचा अर्थ राहिलाच आहे. आमच्या गाडीच्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर तिच्या चार दारांच्या बहिणीपेक्षा ८५ मिलीमीटरांनी कमी आहे. आणि दोन खिडक्यांमधील खांब तर अजिबात नाही. चारही काचा खाली केल्या की छत जणू हवेवर तरंगते. उन्हाळ्याच्या सायंकाळी राजूर घाट चढून बुलढाण्याकडे येताना या खांब नसण्याची किंमत कळते. त्या वेळी गवळ्याच्या प्रश्नास उत्तर सापडल्यासारखे वाटते.

ही वासना आमच्या मनात केव्हा शिरली ते आम्हांस नेमके आठवते. नागपुरास एम. ए. चा अभ्यास करीत असताना वाचनालयातील एका जुन्या विलायती मासिकात या गाडीचे चित्र पाहिले. जिनीव्हाच्या प्रदर्शनात १९८७ च्या मार्चमध्ये ती प्रथम लोकांपुढे आली आणि १९९६ पर्यंत तिच्या सुमारे १ लाख ४१ हजार प्रती निघाल्या, ही माहिती पुढे मिळविली. त्या दिवशी मात्र नुसते पाहत बसलो होतो. तिच्या अंगावर एकही रेषा उगीच ओढलेली नव्हती. कंपनीच्या आकृतिकारांचे तेव्हाचे प्रमुख ब्रूनो साको हे मूळचे इटलीचे. २०२४ साली ते वारले. त्यांचा एक दंडक असे की नव्या मोटारीने आपल्या पूर्वजांस म्हातारे ठरवू नये. दरसाल मागल्या सालच्या वस्तूची लाज वाटावी अशाच बेताने ज्या जगात माल विकला जातो, त्या जगात एका कारखानदाराच्या पदरी असा मनुष्य असावा हे नवल नव्हे काय?

असो. पन्नाशी उलटली, मुलांची शिक्षणे झाली, एक बंगळुरास व एक परदेशी गेला, आणि ती जुनी वासना पुन्हा डोके वर काढू लागली. पुण्यास अशी एक गाडी विकावयाची आहे असे कळले तेव्हा आम्ही भीत भीत विषय काढला.

“मागे बसणार कोण?” सौभाग्यवतींनी विचारले.

“कोणी नाही.”

“मग मागची दारे तरी कशाला हवीत?” असे म्हणून त्या भाजी चिरण्यास गेल्या. संमती इतक्या दुःखद तर्कशुद्धतेने मिळेल अशी आम्हांस कल्पना नव्हती.

घरचा आक्षेप मिटला तरी मनाचा मिटत नव्हता. ज्या जिल्ह्यात कापसाच्या व सोयाबीनच्या भावावर घरातील लग्न, औषध आणि मुलाची फी ही तिन्ही अवलंबून असतात, आमच्या वर्गातील कित्येक मुले पहाटेची एस. टी. गाठून उपाशीपोटी येतात, तेथे या ताऱ्याच्या मोटारीतून मिरवावे काय? किंमत येथे सांगत नाही. आमच्या दोघा सहकाऱ्यांनी त्याच सुमारास घेतलेल्या कोऱ्या गाड्यांहून ती अधिक नव्हती एवढे सांगतो. पण हा युक्तिवाद हिशेबाच्या वहीत शोभतो. मनापुढे तो लंगडा पडतो. ती टोचणी खिशात घेऊनच आम्ही पुण्यास गेलो.

बरोबर चिखलीचे एक मिस्त्री होते. त्यांची हयात खेड्याखेड्यांतून माणसे वाहणाऱ्या काळ्या-पिवळ्या ट्रॅक्सची इंजिने खोलण्यात गेलेली. मर्सिडीजचे नाव ऐकून ते बिचकतील असे आम्हांस वाटले होते. परंतु आकुर्डीच्या बजाज टेम्पो कारखान्याने मर्सिडीजकडूनच परवाना घेऊन ते डिझेल इंजिन इकडे बनविले, हे त्यांस आमच्याआधी ठाऊक होते. “सर, मशीन नात्यातलीच हाये,” एवढे बोलून त्यांनी पिशवीत पाने भरली.

गाडीचे मालक निवृत्त अभियंते, वयाने ऐंशीच्या घरातले. सिंगापुरास नोकरीवर असताना त्यांनी ती घेतली आणि परतताना जबर आयातकर भरून बोटीने आणली. आता डोळ्यांनी दगा दिला होता. मिस्त्रींनी रात्रभर थंड असलेले इंजिन आमच्यादेखत सुरू करावयास लावले आणि स्वतः मागे जाऊन उकिडवे बसले; या इंजिनाच्या व्हॉल्व्हांची सीले झिजली असली तर पहिल्या धुरातच निळी झाक येते. धूर निळा नव्हता. मग त्यांनी गालिचे उचलून खालचा पत्रा चाचपला, जॅक लावण्याच्या जागी गंज आहे की काय ते बोटांनी दाबून पाहिले, दारांची रबरे वाकवून पाहिली. मालक म्हणाले, १९९३ च्या पुढील दोनतीन वर्षांच्या गाड्यांत विजेच्या तारांचे वेष्टण आपोआप कुजून गळते. ही त्याआधीची, म्हणून तो रोग हिला नाही. मिस्त्रींवर ते प्रसन्न झाले. नंतर त्यांनी आमच्याकडे मोर्चा वळविला.

आम्ही गाडीची परीक्षा घ्यावयास गेलो होतो. आता परीक्षा आमची सुरू झाली. “गाडी रात्री कोठे उभी राहील?” आम्ही अभिमानाने सांगितले की अंगणात मोठा कडुनिंब आहे, दाट सावली आहे. त्यांनी कानांवर हात ठेवले! डिंक, पाखरांची विष्ठा आणि पानांनी तुंबणाऱ्या पन्हळी यांवर एक छोटे व्याख्यान झाले. तीस वर्षे व्याख्याने दिली; आपण बाकावर बसून ऐकल्याला फार दिवस झाले होते. पत्र्याची शेड उभारण्याचे वचन दिले तेव्हा त्यांनी दुसरा प्रश्न केला.

“याआधी तुमच्यापाशी जुनी, चांगली अशी कोणती वस्तू होती? आणि तिचे काय झाले?”

वाचकहो, इतक्या साध्या प्रश्नाने आम्ही इतके निरुत्तर क्वचितच झालो असू. कारण तशी वस्तू आमच्यापाशी होती. आमचे वडील चिखलीस शाळामास्तर होते. त्यांची एक काळी रॅले सायकल होती. दर रविवारी सकाळी ते ती उलटी उभी करीत, साखळीस तेल घालीत, जुन्या धोतराच्या तुकड्याने एकेक आरा पुसत. आम्ही शेजारी तेलाची बुधली धरून उभे राहत असू. त्यांच्यामागे ती आमच्याकडे आली. आम्ही तेव्हा नवे प्राध्यापक, नवी स्कूटर. सायकल परसात भिंतीला टेकवून ठेवली. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या वर्षी चाके फिरेनात. एके दुपारी भंगारवाला आला आणि वजन करून घेऊन गेला. पैसे किती आले ते आठवत नाही. तराजूत ती आडवी कशी पडली होती तेवढे आठवते.

खोटे बोलता आले असते. पण त्या वृद्धाचे डोळे अधू असले तरी कान शाबूत होते. आम्ही सर्व सांगितले. ते काही वेळ गप्प बसले. मग आत गेले आणि एक जाड फाईल घेऊन आले. तीस वर्षांहून अधिक काळाच्या पावत्या, प्रत्येकीवर तारीख, किलोमीटर आणि बारीक अक्षरात शेरा: ‘डावे मागील बेअरिंग बदलले. आवाज गेला.’ फाईल आमच्या हाती देत ते म्हणाले, “ही नीट वाचा. गाडी त्यानंतर न्या.” सौदा ठरला तो असा. किमतीची घासाघीस करण्याचे आमच्या मनातही आले नाही. आणि मिस्त्री, जे वांग्याच्या भावातही चार आणे सोडीत नाहीत, तेही बोलले नाहीत.

जालना, देऊळगाव राजा, चिखली असे करीत आम्ही ती घरी आणली. दार लावताच एक यांत्रिक हात मागून पुढे सरकतो आणि एखाद्या जुन्या इमानी नोकराप्रमाणे पट्टा आपल्यापुढे धरतो. पुढच्या काचेस वायपर एकच. पण तो फिरता फिरता कोपऱ्याशी लांब होतो, पुन्हा आखडतो, आणि काचेचा शेकडा ८६ भाग पुसून काढतो. पावसात तो पाहण्यासाठी सौभाग्यवती आता आपणहून बाहेर निघतात.

मनाची टोचणी मात्र मलकापूरच्या पेट्रोलपंपावर कमी झाली. तेथे एक वृद्ध गृहस्थ गाडीभोवती फिरून पुढच्या ताऱ्यापाशी थांबले. “हा त् आपल्या ट्रकाचा तारा व्हय!” ते म्हणाले. खरेच होते. टाटांनी १९५४ साली जर्मन कंपनीशी करार करून मालमोटारी बांधावयास आरंभ केला, तेव्हा त्यांच्या नाकावर हाच तारा होता. १९६९ साली करार संपला व त्या जागी टाटांचे ‘टी’ अक्षर आले. तशाच एका गाडीवर हे गृहस्थ पोरवयात क्लीनर होते. खामगावच्या बाजारात कापूस वाहिला होता. ज्या ताऱ्याची आम्हांस लाज वाटत होती तो या वऱ्हाडात आमच्या जन्माआधीच घाम गाळून गेला होता. याने श्रीमंती गरिबीचा प्रश्न सुटला असे आम्ही म्हणत नाही. पहाटेच्या एस. टी. ने येणारी मुले अजूनही तशीच येतात, आणि कॉलेजात आम्ही अजूनही स्कूटरनेच जातो.

हौसेचे मोल पुढेही मोजावे लागतेच. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते, आणि वीस वर्षांवरील परदेशी मोटारीस त्याची फी २०२५ च्या ऑगस्टपासून ८० हजार रुपये झाली आहे. हरित कर निराळा. पेट्रोलात आता शेकडा २० पर्यंत इथेनॉल येते, ते जुन्या रबरास मानवत नाही. नळ्या बदलून घेतल्या. त्यातील काही इथेनॉल मक्याचे असते, आणि मका तर आमच्या मोताळ्याकडेही पिकतो. मग गाऱ्हाणे कोणापुढे सांगावे? सुटे भाग मात्र दुर्मिळ नाहीत. १९९५ पासून या गाडीची चार दारांची बहीण पुण्याजवळच तयार होऊ लागली, आणि तो कारखाना २००९ साली चाकणला जाण्यापूर्वी ज्या गावी होता त्याचेही नाव चिखलीच! दारांच्या काचा व रबरे तेवढी विलायतेहून मागवावी लागतात. गाडीचा क्रमांक पुण्याचाच राहिला आहे. सासरी आली तरी माहेरचे नाव न सोडणाऱ्या हल्लीच्या सुनांप्रमाणे.

शेड झाली आहे. दर रविवारी सकाळी आम्ही बिजागऱ्यांस तेल घालतो, रबरांस पावडर लावतो, काचा पुसतो. बुधली धरावयास शेजारचा मुलगा येतो; त्याचे प्रश्न संपत नाहीत आणि आमची उत्तरे पुष्कळदा संपतात. काम झाले की फाईल काढून तारीख, किलोमीटर आणि शेरा लिहितो. पहिल्या दिवशी त्या वृद्धांच्या बारीक अक्षराखाली आमचे अक्षर फारच बेढब दिसले होते. आता जरा वळण येऊ लागले आहे.

कधी तरी आमचेही डोळे जातील आणि कोणी गाडी पाहावयास येईल. इंजिन, पत्रा, तारा ही सारी परीक्षा त्यास सुखेनैव घेऊ द्यावी. त्याला विचारावयाचा प्रश्न मात्र आम्ही फाईलच्या शेवटच्या पानावर आजच लिहून ठेवला आहे.