प्रयोगाच्या वहीतले ९८

मी इयत्ता चौथीत शिकतो. आम्हांला परिसर अभ्यास हा विषय आहे. त्यात प्रयोग असतात. प्रयोग करायला मला फार आवडतो, पण तो वहीत लिहायचा मला कंटाळा यायचा. आता येत नाही. असे का झाले ते मी सांगणार आहे.

एके दिवशी गुरुजींनी हायस्कुलातून मोठा थर्मामीटर आणला. ताप बघायचा थर्मामीटर ४२ च्या पुढे जात नाही. हा ११० पर्यंत जातो. गुरुजींनी स्टो पेटवला, पातेल्यात पाणी ठेवले आणि थर्मामीटर दोरीने बांधून पाण्यात सोडला. तो बुडाला टेकू दिला नाही. गुरुजी म्हणाले, "मुलांनो, पाणी खळखळा उकळायला लागलं की गटागटानं या, लांबूनच आकडा बघा आणि वहीत लिहा. एकमेकांचं बघायचं नाही."

वहीत कसे लिहायचे ते त्यांनी फळ्यावर लिहून दिले. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान.

आमच्या गटात आम्ही चौघे होतो. माझे अक्षर चांगले म्हणून लिहायचे काम माझ्याकडे. आकडा वाचायचे काम माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राकडे. त्याचे आईवडील ऊसतोडीला आले आहेत, म्हणून तो मध्येच आमच्या वर्गात आला. वाचनात तो जरा कच्चा आहे. पण आकडे त्याला चांगले येतात.

तो वाकून बघून म्हणाला, "अठ्ठ्याण्णव."

मी म्हणालो, "आरं, शंभर असतंय. ताईच्या पुस्तकात लिहिलंय, पाणी १०० अंशाला उकळतं."

तो म्हणाला, "पुस्तकातलं मला ठावं न्हाई. हितं अठ्ठ्याण्णव हाय."

मग मी स्वतः बघितले. पारा ९८ वरच होता. थोडा वेळ थांबलो, तरी वर जाईना. मला वाटले थर्मामीटर खराब असेल. चुकले तर गुरुजी रागावतील. म्हणून मी निरीक्षणात १०० लिहिले. बाकीचे दोघेही म्हणाले, शंभरच लिही. माझा मित्र काही बोलला नाही. त्याने आपल्या वहीत पेन्सिलीने ९८ लिहिले.

नंतर गुरुजींनी सगळ्या गटांना विचारले. शंभर, शंभर, शंभर! गुरुजींनी विचारले, "कुणी वेगळं लिहिलंय का?" माझा मित्र उभा राहिला आणि म्हणाला, "अठ्ठ्याण्णव." सगळा वर्ग हसला. कुणीतरी म्हणाले, "याला वाचता येत न्हाई!" तो खाली मान घालून बसला.

मीही हसलो. खरे तर मी ९८ डोळ्यांनी बघितले होते. हे लिहिताना मला अजून लाज वाटते.

गुरुजी रागावले नाहीत. ते म्हणाले, "थर्मामीटर खराब आहे का ते उद्या बघू." दुसऱ्या दिवशी त्यांनी रसवंतीवरून बर्फ आणला. तो बारीक फोडून थोडे पाणी घातले आणि त्यात थर्मामीटर ठेवला. पारा बरोबर ० वर आला. म्हणजे थर्मामीटर चांगला होता. मग परत पाणी उकळले. परत ९८! आता वर्गात कुणी हसले नाही.

गुरुजींनी कारण सांगितले. आपल्या डोक्यावर हवा असते आणि तिचा दाब पाण्यावर पडतो. समुद्राकाठी, म्हणजे मुंबईला, दाब जास्त असतो. तिथे पाणी १०० अंशाला उकळते. उंचावर गेले की दाब कमी होतो, म्हणून पाणी लवकर उकळते. दर ३०० मीटरला साधारण एक अंश कमी. आपले रहिमतपूर समुद्रापासून सहाशे मीटरच्या आसपास उंच आहे. म्हणून दोन अंश कमी! महाबळेश्वर १३०० मीटरच्या वर आहे. तिथे पाणी ९५-९६ अंशालाच उकळते. माझी आत्या तिकडे असते. ती म्हणते, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. त्याचे कारण मला आत्ता कळले.

मग गुरुजींनी नैनसिंग रावत यांची गोष्ट सांगितली. ते हिमालयातल्या मिलम गावचे, शाळामास्तर होते. इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्यासाठी ते वेष बदलून तिबेटात गेले आणि १८६६ साली ल्हासाला पोहोचले. तेव्हा बाहेरच्या माणसांना तिकडे बंदी होती. त्यांच्याकडे १०० मण्यांची माळ होती. शंभर पावले झाली की एक मणी सरकवायचा. थर्मामीटर लपवून न्यायचा, पाणी उकळायचे आणि आकडा टिपायचा. त्या आकड्यावरून ल्हासाची उंची काढली. तिथे पाणी ८८ अंशाच्या आसपास उकळते.

गुरुजी म्हणाले, "त्यांनी पुस्तकातलं १०० लिहिलं असतं तर ल्हासा समुद्राकाठी गेलं असतं." आम्ही खूप हसलो. पण मी मनात म्हणालो, मी तर रहिमतपूरच समुद्राकाठी नेले.

मधल्या सुट्टीत मी मित्राला म्हणालो, "चुकलं माझं. मी बघितलं होतं." तो म्हणाला, "मला ठावं हाय. तू बघताना मी तुझ्याकडंच बघत हुतो." मग आम्ही दोघांनी मिळून बोरे खाल्ली. आता तो मला आकडे वाचून दाखवतो आणि मी त्याला धडा वाचून दाखवतो.

प्रयोग लिहिताना मी आता या गोष्टी पाळतो.
१) आकडा दिसला की लगेच लिहायचा. घरी जाऊन आठवून लिहायचा नाही.
२) आकड्यापुढे अंश, मीटर, मिनिटे जे असेल ते लिहायचे.
३) निरीक्षणात फक्त दिसले ते लिहायचे. आपल्याला काय वाटते ते अनुमानात.
४) पुस्तकापेक्षा वेगळे आले तर खोडायचे नाही. परत करून बघायचे.
५) चुकले तर रबराने पुसायचे नाही. एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहायचे.

माझ्या वहीचे ते पान गुरुजींनी या लेखाखाली चिकटवले आहे. त्यात १०० वर एक रेघ आहे आणि शेजारी ९८ आहे. तिथे मी लिहिले आहे, 'हा आकडा माझ्या मित्राने पहिल्यांदा बरोबर वाचला.' त्याचे आईवडील शाळेत आले तर त्यांनी ते जरूर बघावे.