साडेतीन बादल्या

मे महिन्यात सुट्टी टाकून पुण्याहून शिरूर अनंतपाळला आलो. डिकीत आईसाठी बाकरवडी होती आणि गाडीसाठी स्प्रे सिलंटची बाटली. गाडी सेकंडहँड, हप्ते अजून तीन वर्षांचे. म्हणून तिच्या रंगाची काळजी जरा जास्तच.

सकाळी उन्हं यायच्या आत गाडी कडुलिंबाखाली लावली, बोअरची मोटर चालू केली आणि पाइप धरला. आप्पा ओट्यावर चहा पीत होते. बोलले काही नाहीत. उठले, मोटर बंद केली आणि एक बादली माझ्यासमोर ठेवली.

मला राग आला. बोअरला पाणी आहे की! मग २०१६ आठवलं.

तेव्हा अकरावी संपवून मी बारावीच्या क्लाससाठी लातूरला खोली करून राहत होतो. मार्चमध्ये शहरातल्या पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लागलं. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली: दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या दिवसांत आप्पा दर रविवारी एसटीनं यायचे, मांडीवर पाच-पाच लिटरचे दोन कॅन घेऊन. शेतातल्या विहिरीचं पाणी. “प्यायलाच वापर,” एवढंच म्हणायचे. एका रविवारी ते यायच्या आधी मी उरलेल्या कॅनमधल्या पाण्यानं डोकं धुतलं. तीन दिवस अंघोळ नव्हती. हे त्यांना कधी सांगितलं नाही.

गाडी साडेतीन बादल्यांत धुऊन झाली. लगेच कोरडी पुसली, कारण बोअरचं पाणी जड. उन्हात वाळलं की क्षार मागे राहतात आणि पांढरे डाग पडतात. मग सिलंट. पत्रा थंड हवा. मायक्रोफायबरच्या कापडावर दोन फवारे, एका वेळी एकच भाग, आधी बॉनेट, मग दारं. पसरलं की लगेच दुसऱ्या कोरड्या कापडानं पुसायचं, नाहीतर पट्टे उमटतात. ब्रेकच्या डिस्कवर थेंबही जाऊ द्यायचा नाही.

“काय शिंपडायलास?” आप्पांनी विचारलं.

“पाणी चिकटू नये म्हणून, आप्पा.”

त्यांनी तांब्यातलं ओंजळभर पाणी बॉनेटवर टाकलं. गोल थेंब होऊन ते घरंगळलं.

“अळवाच्या पानावानी,” ते म्हणाले. “किती दिवस टिकतंय?”

“दोन-तीन महिने.”

“ह्येच्यानं पाणी कमी लागंल का?”

डब्यावर असलं काही लिहिलेलं नसतं. तिथे चकाकीच्या गप्पा असतात. पण प्रश्न बरोबर होता. धूळ तर बसणारच, ती कोरडी पुसली तर ओरखडे पडणार. मात्र चिखल घट्ट धरणार नाही, घासावं कमी लागेल.

“दोन बादल्यांत होईल,” मी म्हणालो. मग तसाच वाकून चाक पुसत बोललो, “आप्पा, लातूरला तुम्ही आणलेल्या पाण्यानं मी एकदा डोकं धुतलं होतं.”

“माहीत हाय. टावेलाला शांपूचा वास येत व्हता.”

पुढच्या रविवारीही त्यांनी दोन कॅन आणले होते.

बादलीत तळाशी गढूळ पाणी उरलं होतं. आप्पांनी ते उचलून कडुलिंबाच्या बुडाशी ओतलं आणि बादली मोरीत पालथी घातली.