सीन उडाला!

'एडिटर? अय्या, कुठल्या पेपरात?'

मिरजेला चुलतबहिणीच्या लग्नात हा प्रश्न मला सहा जणींनी विचारला. पहिल्या पाचजणींना मी नीट समजावून सांगितलं. सहाव्या काकूंना 'हो, पेपरातच' असं ठोकून दिलं आणि जिलबीकडे वळले. काय करणार? मी दिवसभर काय करते हे माझ्या आईलाही अजून नीटसं कळलेलं नाही. 'शूटिंग झाल्यावरचं काहीतरी असतं' एवढंच ती शेजारणींना सांगते. तसं ते बरोबरच आहे म्हणा.

तर मी फिल्म एडिटर आहे. शुद्ध मराठीत संकलक. पिक्चर सुरू होताना पाट्या पडतात ना, त्यात 'संकलन' अशी एक पाटी असते. तुम्ही अंधारात पॉपकॉर्न सांभाळत सीट नंबर शोधत असता तेव्हा ती येऊन जाते. ओटीटीवर तर त्याहून भारी प्रकार. 'स्किप इंट्रो' नावाचं बटणच दिलंय. म्हणजे जन्मभर दुसऱ्यांचे सीन उडवणाऱ्या बाईचं नाव उडवायची सोय थेट प्रेक्षकाच्या रिमोटवर!

वय वर्षं २९. मुक्काम अंधेरी वेस्ट, चार बंगला. टूबीएचकेत आम्ही तिघी. एक आयटीवाली, एक फिजिओथेरपिस्ट आणि मी. सकाळी त्या दोघी डबे घेऊन निघतात, तेव्हा बऱ्याचदा मी चप्पल काढत घरात शिरत असते. आमच्या स्वयंपाकाच्या मावशी पहिले सहा महिने माझ्याकडे संशयाने बघायच्या. एक दिवस लॅपटॉपवर त्यांना एका मालिकेचा प्रोमो दाखवला, 'हा मी कापला' म्हणून सांगितलं. तेव्हापासून माझ्या वाटणीची पोळी जरा गरम असते.

ऑफिस म्हणाल तर यारी रोडला एका जुन्या बंगल्याची मागची खोली. खिडकी आहे, पण तिला काळा पडदा ठोकलाय. दिवस की रात्र ते फोन बघितल्याशिवाय कळत नाही. एसी १८ वर, कारण मशीन तापतं. मशीनला थंडी हवी म्हणून मी मे महिन्यात शाल पांघरून बसते. समोर दोन मॉनिटर, टेबलावर भडंगाचं पाकीट (मिरजेची पोरगी आहे, सुटणार नाही) आणि मागे एक सोफा. तो सोफा डायरेक्टरचा. या धंद्यात तुमचा बॉस कायम तुमच्या पाठीमागे बसलेला असतो. तोंड बघायला मिळत नाही, फक्त सुस्कारे ऐकू येतात. कुठल्या सुस्काऱ्याचा अर्थ काय, हे शिकायला मला दोन वर्षं लागली.

बाकी शब्दांचे अर्थ तुम्हालाही पाठ असतील, कारण तुमच्या ऑफिसातले बॉस काही वेगळं बोलत नसतात. 'जरा क्रिस्प कर' म्हणजे मला बोअर झालं. 'म्युझिक लागलं की उठेल' म्हणजे हा सीन फसलाय. आणि 'समथिंग इज मिसिंग' म्हणजे आज रात्री तू घरी जात नाहीस.

कामाचा हिशोब सोपा आहे. एका सेकंदात २४ फ्रेम्स. ४० मिनिटांचा एपिसोड म्हणजे ५७ हजार ६०० फ्रेम्स. शूट होऊन येतं ते याच्या कितीतरी पट. एकेका सीनचे दहा-बारा टेक, तीन-तीन अँगल्स. सगळं हार्ड डिस्कवर भरून येतं. असिस्टंट ते उतरवून घेतो, क्लॅपच्या आवाजाला चित्र जुळवतो, नावं देऊन बिनमध्ये लावतो. ही हमाली मी चार वर्षं केली आहे. मग रफ कट, मग फाइन कट, आणि शेवटी पिक्चर लॉक. लॉक म्हणजे लॉक, त्यानंतर कुणी बदल सांगायचा नाही. (सांगतातच.)

मग एवढं का करायचं? पैसे ९० दिवसांनी येतात, मान कायमची दुखते, पिक्चर बघायला गेलं तर गोष्ट सोडून मी कट मोजते. खरं कारण एक पाटी आहे. आतापर्यंत माझं नाव 'असोसिएट एडिटर' म्हणून आलंय, शेवटी, बारीक अक्षरात, सात जणांच्या घोळक्यात. मला एकटीची पाटी हवी आहे. फक्त 'संकलन', आणि खाली माझं नाव.

आमच्यात देवांचे फोटो लावायची पद्धत असती तर मी दोन लावले असते. एक रेणू सलुजा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून आलेली ही बाई. 'जाने भी दो यारो' तिनं कापला, 'परिंदा' कापला. 'परिंदा', 'धारावी', 'सरदार', 'गॉडमदर' अशी चार राष्ट्रीय पारितोषिकं. २००० साली ती गेली तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. दुसरे एम. एस. शिंदे. 'शोले' म्हटलं की गब्बर आठवतो, जय-वीरू आठवतात, टांगेवाली बसंती आठवते. पण १९७५ च्या त्या पिक्चरला फिल्मफेअरच्या वेळी एकच बाहुली मिळाली, आणि ती संकलनाची. एका मराठी माणसाला! लग्नातल्या त्या सहा काकूंना हे सांगायला हवं होतं.

आता मुद्द्यावर येते. गेल्या वर्षी मी एका हिंदी सिरीजवर होते. सहा एपिसोड. त्यातल्या चौथ्यात माझ्या एका मित्राचा सीन होता. त्याचं नाव नको, त्याला इथे हिरो म्हणू. हिरो इचलकरंजीचा. सहा वर्षं आराम नगरमध्ये ऑडिशनच्या रांगेत उभा राहतोय. आतापर्यंत वॉचमन, कुरिअरवाला, पोलीस नंबर तीन. आमची ओळख वर्सोव्याला टपरीवर झाली. चहाला 'च्या' म्हणणारा माणूस अंधेरीत दिसला की आपोआप दोस्ती होते.

या सिरीजमध्ये त्याला पहिल्यांदा डायलॉग मिळाले होते. तो मेडिकलवाला. रात्री हिरोईन चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या मागते, तो देत नाही. ती वळते तेव्हा हा हळूच विचारतो, 'दीदी, घर पे सब ठीक है ना?' बस. दोन मिनिटं वीस सेकंद. पोरानं काय काम केलं होतं! पहिल्यांदा फुटेज बघताना मी एकटीच खोलीत शिट्टी मारली होती.

आणि चौथा एपिसोड बसत नव्हता. तीन रात्री झाल्या. पुढे दोन सीननंतर ती हिरोईन आईसमोर ढसाढसा रडते, तो एपिसोडचा कळस. पण काही केल्या तो चढेना. म्युझिक बदललं, टेक बदलला, मागून सुस्कारे सुरूच. चौथ्या रात्री साडेतीनला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती आतून मोडली आहे हे प्रेक्षकाला मेडिकलच्या दुकानातच कळतंय. त्या 'सब ठीक है ना'ला त्याचं रडून झालेलं असतं. आईसमोर मग उरतं काय?

मी तो सीन सिलेक्ट केला आणि डिलीट दाबलं. ३,३६० फ्रेम्स. पुढचं सगळं सरकून मागच्याला चिकटलं. प्ले केलं. ती आईसमोर रडली आणि माझ्या अंगावर काटा आला. मागे सोफ्याचा आवाज झाला. डायरेक्टर उठून बसला होता. 'फिरसे चला,' म्हणाला. दुसऱ्यांदा बघितलं आणि पहिल्यांदाच माझ्या खांद्यावर थाप पडली. 'अगली फिल्म तू अकेली करेगी.'

'तेव्हा मला हिरो आठवला' असं लिहिलं असतं तर छान वाटलं असतं. पण ते खोटं आहे. तो मला डिलीट दाबायच्या आधीपासून आठवत होता.

त्याच शनिवारी आमची गँग भेटली. मी, माझी आयटीवाली, एक साउंडवाला, एक असिस्टंट डायरेक्टर आणि हिरो. वीरा देसाई रोडला एक पब आहे, तिथे आम्हाला कोपऱ्यातलं टेबल मिळतं आणि डीजे जरा कमी पकवतो. एरवी बिल आलं की पाचही जण फोन काढून भागाकार करतात. त्या दिवशी हिरो म्हणाला, 'आज पाकिटं काढायची नाहीत. आज माझ्याकडून.' कशाबद्दल? तर सिरीज दोन महिन्यांनी येणार म्हणून! 'आईनं गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलंय बघ. मोठा टीव्ही घेतलाय हप्त्यावर.'

मी दोन मॉकटेल प्यायले आणि बाथरूममध्ये जाऊन उगाच तोंड धुतलं. एक तर मी गुप्ततेच्या कागदावर सही केली होती. एडिटमधलं काहीही बाहेर बोलायचं नाही. दुसरं, हे सांगणं माझं काम नव्हतं. मग कुणाचं? तर कुणाचंच नाही. छोट्या नटाला सीन गेल्याचा फोन करायला कुणी नेमलेलंच नसतं. तो घरच्यांना घेऊन टीव्हीसमोर बसतो आणि तेव्हा त्याला कळतं.

दीड वाजता पब बंद झाला. मग नेहमीप्रमाणे अंडाभुर्जी-पाव, मग वर्सोव्याचा समुद्र. बाकीचे पुढे गेले. तीन वाजत आले होते, वाळू ओली होती. मी म्हटलं, 'ऐक ना. तुझा सीन उडाला.'

आमच्या धंद्यातला हा लाडका शब्द आहे. सीन उडाला. जणू काही चिमणी होती, खिडकी उघडी होती, गेली उडून. कुणी काही केलं नाही.

तो बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, 'भंगार झालता काय सीन?'

'नाही रे. एकदम सॉलिड झाला होता.'

'मग?'

इथे मला डायरेक्टरचं नाव घेता आलं असतं. प्रोड्युसरचं, लांबीचं, प्लॅटफॉर्मचं. दुसऱ्या दिवशी तो माझ्याशी नीट बोलला असता. मी म्हटलं, 'उडाला नाही. मी उडवला.' आणि का, ते सगळं सांगितलं. आईसमोरचं रडणं, तीन रात्री, सगळं. खांद्यावरच्या थापेचंही सांगितलं. ते सांगताना सगळ्यात जड गेलं.

'चांगला झाला म्हणून गेला व्हय?' एवढंच म्हणाला. रिक्षा थांबवली, मला आधी बसवलं, ड्रायव्हरला पत्ता सांगितला आणि स्वतः चालत निघाला. मग सात आठवडे त्याचा फोन नाही, मेसेज नाही.

'शोले'चा मूळ शेवट सेन्सॉरने आणीबाणीत बदलायला लावला होता. तो २०२५ साली, पन्नास वर्षांनी, मोठ्या पडद्यावर आला. मेडिकलवाल्याचा सीन काही असा परत येणार नाही, हे मला माहीत होतं. पण लॉक व्हायच्या आधी मी एक केलं. त्याच्या फुटेजमध्ये एक शॉट होता. काउंटरवरून मान वर करून तो बाहेर बघतो, नुसता बघतो. तो मी एपिसोडच्या सुरुवातीला लावला, हिरोईन रस्त्याने एकटी चाललेली असते तिथे. शंभर वर्षांपूर्वी रशियात कुलेशोव्ह नावाच्या माणसानं दाखवून दिलं होतं की चेहरा तोच ठेवून शेजारचं चित्र बदललं, की बघणाऱ्याला भाव वेगळा दिसतो. इथे मेडिकलवाला बघतो आणि आपल्याला पहिल्यांदा तिची काळजी वाटते. उपकार म्हणून लावला नाही. त्या जागी तो शॉट हवाच होता. दोन सेकंद. ४८ फ्रेम्स.

सिरीज आली त्या रात्री मी घरीच होते. साडेअकराला हिरोचा मेसेज. शब्द नाही, नुसता फोटो. इचलकरंजीतली खोली, नवा कोरा टीव्ही, स्क्रीनवर मान वर केलेला मेडिकलवाला. त्याच्या आईने नेमका तिथे पॉज केला होता आणि शेजारी उभी राहून हसत होती.

मी आयुष्यभर सेकंदाचे तुकडे मोजते, पण समोरचा माणूस हवा तिथे गोष्ट थांबवू शकतो, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

आम्ही पुन्हा भेटायला लागलो. सगळं पहिल्यासारखं आहे असं म्हणणार नाही. भुर्जी खाताना तो मध्येच गप्प होतो. मी विचारत नाही. माझी फिल्म पुढच्या महिन्यात टेबलावर येते आहे, एकटीची पाटी असलेली पहिली. आईला सांगितलंय, पॉपकॉर्न आधीच घ्यायचे आणि पाट्या संपेपर्यंत फोन उचलायचा नाही.

काल हिरोचा मेसेज आला. एका पिक्चरमध्ये रोल मिळालाय, चांगले सहा सीन. खाली लिहिलं होतं, 'एडिटर कोण हाय तेवढं बघून सांग. आधीच जेवायला घालतो.'